‘टीकात्मक स्वागत मिळाले’ म्हणावं का?

कोल्हापुरातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. कॉलेजच्या अंकासाठी ती ‘ब्रिंग मी द होरायझन’ या शेफील्डच्या मेटल बँडच्या ‘अमो’ या अल्बमवर लिहिते आहे. ‘अल्बमला संमिश्र टीकात्मक स्वागत मिळाले’ हे तिचं वाक्य बरोबर आहे का?

नाही, बदलायला हवं. टीका म्हणजे मुळात ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणं. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. पण आज ‘टीका केली’ म्हटलं की दोष काढले, एवढंच कानावर पडतं. ‘टीकात्मक’ वाचून अल्बमला झोडपलं असं वाटणार, आणि पुढच्याच शब्दाला स्वागत!

शिवाय स्वागत मिळत नाही, ते होतं किंवा कुणीतरी करतं. मिळते ती दाद. हा शब्द फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ न्याय. म्हणून कोर्टात दाद मागायची आणि देवल क्लबातल्या गाण्याच्या मैफिलीत एखादी तान जमली की दाद द्यायची. कलावंताचं हक्काचं त्याच्या पदरात टाकायचं, हा त्यातला भाव मला फार मोलाचा वाटतो. पण दाद ‘वाऽ’ म्हटलं की पुरी होते. समीक्षकाला ‘का’ तेही सांगावं लागतं, म्हणून त्याचं ते परीक्षण किंवा समीक्षा.

‘संमिश्र’वर माझा खरा आक्षेप आहे. कोण काय म्हणालं, हेच त्यात झाकलं जातं. जानेवारी 2019 मध्ये आलेल्या ‘अमो’त गिटारचा मारा आणि किंचाळणं कमी झालं, सिंथेसायझर आणि डान्सचे ठेके पुढे आले. बहुतेक समीक्षकांना हे धाडस आवडलं. अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिला आला, ग्रॅमीचं नामांकनही झालं. नाकं मुरडली ती बँडच्या 2006 च्या पहिल्या अल्बममधल्या डेथकोरवर, म्हणजे मेटलच्या अतिशय कर्कश प्रकारावर, जीव टाकणाऱ्या काही जुन्या चाहत्यांनी. म्हणजे मतभेद होता तो समीक्षक आणि चाहते यांच्यात.

तेव्हा सरळ लिही: ‘समीक्षकांनी अल्बम उचलून धरला, काही जुने चाहते मात्र नाराज झाले.’ मथळ्याला ‘समीक्षकांचा कौल’ शोभेल. आणि खूश झालेल्या चाहत्यांचं म्हणणं द्यायचं असेल, तर आपलं ‘नाद खुळा’ अवतरणात बिनधास्त घाल.