१०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय, तरी डाउनलोड १२ एमबीच्या वर का जात नाही?

कारण दोन्हीकडची मापं वेगळी आहेत. प्लॅनमधला आकडा मेगाबिटचा, डाउनलोड होताना दिसतो तो मेगाबाइटचा. ८ बिट मिळून १ बाइट. १०० भागिले ८ केलं की साडेबारा येतात, म्हणजे तुमची लाइन ठणठणीत आहे. कस्टमर केअरशी भांडू नका. १ जीबीची फाइल साधारण दीड मिनिटात उतरायला हवी. नेटचा वेग बिटमध्ये मोजायची पद्धत जुनीच, पण जाहिरातीत आकडा मोठा दिसतो हे कंपन्यांच्या पथ्यावरच पडतं! इंग्रजीत लिहिताना बिटचा बी लहान लिपीतला, बाइटचा मोठ्या. तेवढं बघत जा. वेग तपासताना राउटरला थेट केबल जोडा. दोन भिंतींपलीकडे वायफाय मंदावतोच.