कृष्णधवल फिल्मवर तीन फिल्टर वापरून रंगीत छायाचित्र मिळू शकते का?

लाल, हिरवा आणि निळा फिल्टर लावून एकाच दृश्याची तीन कृष्णधवल छायाचित्रे काढली, तर त्यांतून रंग परत मिळतात का, असे आपण विचारले आहे. मिळतात. १८६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी लंडनमध्ये याच तत्त्वाने एका फितीची रंगीत प्रतिमा पडद्यावर दाखवली होती. खरे तर त्या वेळच्या फोटोच्या काचेच्या प्लेटवर लाल प्रकाश उमटतच नसे. फितीच्या लाल भागावरून परावर्तित झालेल्या अतिनील किरणांनी मॅक्सवेल यांचे काम निभावले, हे शंभर वर्षांनी उलगडले. आपण मात्र तिन्ही रंगांना संवेदनशील अशी पॅनक्रोमॅटिक फिल्मच घ्यावी.

फिल्टर रॅटन या प्रमाणित मालिकेतील २५ (लाल), ५८ (हिरवा) आणि ४७ (निळा) या क्रमांकांचे असावेत. प्रत्येकासाठी एक्स्पोजर साधारण तीन स्टॉपने, म्हणजे आठपट, वाढवावे लागते. म्हणजे १२५ आयएसओच्या फिल्मवर स्वच्छ उन्हात एफ ८ ला सुमारे १/६० सेकंद. फरक शटरनेच करावा, अ‍ॅपर्चर आणि फोकस यांना हात लावू नये. कॅमेरा भक्कम ट्रायपॉडवर असावा आणि चौकटीच्या कडेला एक करडे कार्ड ठेवावे.

पैठणला मी एका पैठणीच्या पदराची अशी तीन छायाचित्रे काढली आहेत. लाल फिल्टरच्या चित्रात लाल पदर जवळपास पांढरा दिसतो आणि त्यावरचे हिरवे पोपट काळवंडतात. निळ्याच्या चित्रात पदर काळा होतो आणि सोनेरी जरही मंदावते. या तफावतीतच सगळा रंग साठवलेला असतो.

खरी अडचण हालचालीची आहे. वाऱ्यावर डुलणारी ज्वारी किंवा नाथसागराच्या लाटा यांना रंगीत कडा येतात, आणि काळ्या रानातून चालणारा पांढरा बगळा लाल, हिरवा, निळा असा तीनदा उमटतो. काहीजण हे मुद्दाम करतात; मला ते पाण्यापुरतेच शोभते असे वाटते. सावल्याही सरकतात, म्हणून तिन्ही चित्रे लागोपाठ, ढग नसताना घ्यावीत.

निगेटिव्ह स्कॅन करून पॉझिटिव्ह केल्यावर गिंप या चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरव्या, निळ्या अशा त्या त्या रंगाच्या चॅनेलला जोडाव्यात आणि एकमेकींवर नेमक्या जुळवाव्यात. निळ्या फिल्टरच्या निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट बहुधा थोडा कमी भरतो, त्यामुळे सावल्यांत एक आणि उजेडात दुसरीच रंगछटा दिसते. गिंपमधल्या कर्व्ह या साधनाने आधी तो वाढवावा आणि मग कार्ड निखळ करडे दिसेपर्यंत तिन्ही चॅनेल सारखे करावेत.