सोनेतारण, तारणारा आणि बाप्तिस्मा

खानापूरच्या एका मुलानं विचारलंय, की पतसंस्थेच्या बोर्डावर 'सोनेतारण कर्ज' असतं आणि चर्चच्या भिंतीवर 'येशू तारणारा' असतं, तर हे तारण एकच का वेगवेगळं? आणि पुढं, 'बाप्तिस्म्याशिवाय तारण नाही' असं त्याचा मित्र म्हणतो ते बरोबर का. भावा, मी काय पाद्री नाही, घरचा वारकरी, पण कॅम्पातल्या ख्रिस्ती दोस्तांमुळं दोन्हीकडची मराठी कानावरून गेलीय, तेवढ्यावर सांगतो.

तारण आलं संस्कृत 'तॄ' वरनं, म्हणजे पलीकडं जाणं. तरणे, तारणे, तारू, 'देव तारी त्याला कोण मारी' सगळं त्याच घरचं. पतसंस्थेत कर्ज बुडायला लागलं की जे वाचवतं ते तारण, फक्त तिथं तरतो तो कर्ज देणारा, सोनं ठेवणारा नव्हे (आजीच्या पाटल्या गेल्या तेव्हा आमच्या घरात हा फरक सगळ्यांना नीट समजला). चर्चमधे तरतो तो माणूस. शब्द एकच, नावेत कोण बसलंय तेवढाच फरक.

आता बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होताना पाण्यानं करायचा विधी. हा शब्द मराठी नाही, संस्कृत नाही, थेट ग्रीक, 'बाप्तिझो' म्हणजे बुडवणं. गंमत अशी की आपल्या बाजूलाच कन्नड बायबलात 'दीक्षास्नान' आहे, ऐकणाऱ्याला लगेच काहीतरी कळतं, आणि मराठीत मात्र ग्रीक शब्द तसाच ठेवलाय, का? कारण भाषांतर केलं की एक बाजू घ्यावी लागते. 'बुडवणे' लिहिलं तर कपाळावर पाणी घालणारे नाराज, 'शिंपडणे' लिहिलं तर अख्खा माणूस पाण्यात घालणारे नाराज. हे मी मनानं सांगत नाही, १८३० च्या दशकात बंगाली बायबलात बॅप्टिस्ट मंडळींनी (हे अख्खा माणूस पाण्यात घालणारे) 'बुडवणे' या अर्थाचा शब्द घातला तर ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीनं पैसे द्यायला नकार दिला, मग बॅप्टिस्टांनी १८४० मधे वेगळी संस्था काढली. एका क्रियापदापायी. तेव्हा ग्रीक शब्द तसाच ठेवला की भांडण मिटत नाही, पण पुस्तक तरी छापून होतं.

आता मुख्य मुद्दा, बाप्तिस्मा लागतो का. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा आणि पापांच्या क्षमेसाठी बाप्तिस्मा घ्या. आपल्या कानाला 'साठी' म्हणजे हेतू, आधी बाप्तिस्मा मग क्षमा. ग्रीकमधे तिथं 'एइस' आहे. काही लोक म्हणतात एइसचा अर्थ 'मुळं' असाही होतो, निनवे शहरातल्या लोकांनी योना संदेष्ट्याच्या उपदेशावरनं पश्चात्ताप केला तिथंही एइसच आहे, म्हणजे क्षमा झाली म्हणून बाप्तिस्मा. मला हे जरा ओढूनताणून वाटतं, सरळ वाचलं तर 'साठी'च बरोबर बसतं. पण दहाव्या अध्यायात कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरात लोकांवर पवित्र आत्मा आधी उतरतो आणि पाणी नंतर येतं, आणि येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेला चोर तर पाण्याशिवायच सुखलोकात जातो, म्हणजे एका शब्दावर सगळा निकाल देता येत नाही.

म्हणून तुझ्या मित्राचं वाक्य बरोबर का ते तो कुठल्या चर्चला जातो त्यावर. कॅथलिक म्हणतील होय, बाप्तिस्मा आवश्यक, पण लगेच जोडतील की ज्याच्यापर्यंत सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, पोचली आणि जो मागू शकत होता त्याला, आणि देवानं तारण या संस्काराशी बांधलं तरी तो स्वतः त्याला बांधलेला नाही. घ्यायची इच्छा होती पण आधीच गेला, तर ती इच्छाही ते धरतात. बॅप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल म्हणतील तारण विश्वासानं, बाप्तिस्मा त्यानंतरचं आज्ञापालन, म्हणून तान्ह्या बाळाला देत नाहीत. मेथडिस्ट बाळाला देतात पण त्यावाचून तारण अडतं असं म्हणत नाहीत. आणि मुक्तिफौज, नावातच मुक्ती, त्यांनी १८८३ पासून बाप्तिस्मा ठेवलाच नाही!

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली जागा पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात आहे. महापुरात नोहाच्या तारवात, म्हणजे नावेत, आठ जण पाण्यातनं वाचले, तसा बाप्तिस्मा आता तुम्हाला तारतो, असा तो भाव. बऱ्याच भाषांत तारू वेगळं आणि तारणं वेगळं, मराठीत मात्र दोन्ही एकाच धातूचे, त्यामुळं ही ओळ मराठीतच जास्त खुलते असं मला वाटतं. आणि पुढं तोच म्हणतो, हे अंगाचा मळ धुणं नव्हे, तर चांगल्या मनानं देवाजवळ केलेली मागणी. या 'मागणी'च्या जागी ग्रीक शब्द आहे 'एपेरोतेमा', करार करताना समोरच्याला विचारायचं, तो हो म्हणतो, त्या व्यवहारातही हा शब्द वापरायचे. तेव्हा पतसंस्थेचा बोर्ड इतका पण लांब नाही. बायबलातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत तो पौल तर पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा 'विसार' म्हणतो, निपाणीच्या बाजारात बैलजोडी ठरली की हातावर ठेवतात तोच विसार.

आणि क्रियापदं बघ. बाप्तिस्मा आपण घेतो किंवा कुणीतरी देतो, तारण मात्र 'होतं'. तारण घेतलं असं मराठीत फक्त पतसंस्थेचा मॅनेजर म्हणतो. म्हणून 'मी बाप्तिस्मा घेतला म्हणजे तारण घेतलं' असं कुणी म्हटलं तर ते कानाला खटकतं, आणि त्यात कुठलं चर्च हा प्रश्नच येत नाही.

लिहिताना एवढं बघ, 'बाप्तिस्माशिवाय' नको, 'बाप्तिस्म्याशिवाय'. चष्मा-चष्म्याशिवाय तसंच. शब्द ग्रीक असला तरी प्रत्यय लागताना तो मराठीच होतो.