फुटबॉलचा एशियन कप आपण कधी जिंकला?

गेल्या पंधरवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांत एकच गोंधळ आहे, म्हणून आधी तोच निस्तरतो. क्रिकेटचा आशिया कप विचारणाऱ्यांनी दुसरं दार बघावं.

प्रश्न : १९५१ आणि १९६२ साली भारताने फुटबॉलचा एशियन कप जिंकला, बरोबर ना? कट्ट्यावर पैज लागली आहे. (मंगळवार पेठ)

चूक. ती आशियाई क्रीडा स्पर्धांमधली सुवर्णपदकं, एक दिल्लीचं, एक जकार्ताचं. एशियन कप ही वेगळी स्पर्धा, १९५६ पासूनची. ती आपण एकदाही जिंकलेली नाही. पैजेचे पैसे देऊन टाका.

प्रश्न : पण १९६४ ला आपण उपविजेते होतो. आशियातला दोन नंबरचा देश इतका खाली कसा आला? (शिवाजी पेठ)

उपविजेते होतो, खरं आहे. इस्रायलमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत आपण दक्षिण कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ असं हरवलं, इस्रायलकडून ०-२ हरलो. चुनी गोस्वामी कर्णधार. इंदर सिंग यांचे दोन गोल, आणि तेवढ्यावर ते स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिले.

आता पुढचं कुणी सांगत नाही. स्पर्धेत संघ चार. फायनल नव्हतीच, साखळी होती. आणि आपल्या पात्रता गटातल्या बाकीच्यांनी माघार घेतल्यामुळे आपण एकही पात्रता सामना न खेळता तिथं पोहोचलो होतो. हे बोललो की आमच्या वयाची मंडळी माझ्यावर धावून येतात. त्या पिढीची किंमत मी कमी करत नाही. दोनच वर्षं आधी त्यांनी जकार्ताच्या फायनलमध्ये कोरियालाच लोळवलं होतं. पण चारांतला दुसरा आणि चोविसांतला दुसरा यात फरक आहे. आपण पुढे खेळलो तेव्हा १९८४ ला स्पर्धा दहा संघांची होती, २०११ ला सोळांची, २०१९ ला चोवीसची.

पूर्ण हिशोब हवा असेल तर वहीत उतरवून घ्या. पाच स्पर्धा, १६ सामने, ३ विजय, १ बरोबरी, १२ पराभव. केलेले गोल १२, खाल्लेले ३३. तीन विजयांतले दोन १९६४ चे. तिसऱ्यासाठी ५५ वर्षं थांबलो.

प्रश्न : ‘एशियन कप २०२३’ चे सामने २०२४ त कसे? छपाईची चूक का? (राजारामपुरी)

नाही. कोविडमुळे चीनने यजमानपद सोडलं, स्पर्धा कतारला गेली आणि तिथला उन्हाळा टाळायला जानेवारी उजाडला.

प्रश्न : २०१९ मध्ये रेफरीने आपला घात केला, असं सगळे म्हणतात. (फुलेवाडी)

सगळे म्हणजे कोण? सामना पुन्हा बघितलाय का कुणी?

थायलंडला आपण ४-१ हरवलं. इतकं जिव्हारी लागलं की त्यांच्या प्रशिक्षकाला लगेच घरी पाठवलं. मग अमिरातीकडून ०-२. शेवटचा सामना बहारीनशी, आणि नुसती बरोबरी झाली तरी बाद फेरी नक्की होती. ९० मिनिटं झाली, ०-० टिकलं, आणि भरपाईच्या वेळेत आपल्या गोलसमोरच्या बॉक्समध्ये त्यांच्या खेळाडूला आपला पाय लागला. पेनल्टी, गोल, गाशा गुंडाळला. फाउल होता. दोष असलाच तर सामनाभर मागे बसून राहण्याचा आहे. तरी शंका असेल तर लायसन्स असलेल्या एखाद्या रेफरीला शेजारी बसवून रेकॉर्डिंग बघा आणि मग मला लिहा.

प्रश्न : कतारमध्ये तीन सामन्यांत एकही गोल नाही. आपल्याला गोलच का मारता येत नाहीत? (जुना बुधवार पेठ)

या प्रश्नाची मी वाट बघत होतो.

१९८४ ला चार सामने, शून्य गोल. कतारमध्ये ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरियासमोर शून्य. एकूण बारा गोलांतले चार एकट्या सुनील छेत्रीचे. कतारला तो ३९ वर्षांचा होता आणि तरीही आपला पहिला स्ट्रायकर तोच. त्याने निवृत्ती घेतली, तर चाळिशीत परत बोलवायची वेळ आली! २०२७ च्या पात्रतेत पहिल्या पाच सामन्यांत आपले गोल दोन. बांगलादेशकडून ढाक्यात हरलो, सिंगापूरकडून घरात, मडगावला.

आता इंडियन सुपर लीग बघा. २०१४ ते २०२५, अकरा हंगाम. सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट एकदाही भारतीयाला मिळालेला नाही. कारण उघड आहे : क्लबला याच हंगामात जिंकायचंय, म्हणून नऊ नंबरला, म्हणजे सगळ्यात पुढे गोल मारायच्या जागी, परदेशी खेळाडू. आपला पोरगा विंगला, नाहीतर बाकावर.

आणि दिल्ली-मुंबईला नावं ठेवायच्या आधी आपल्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर या. आपल्या तालमी, म्हणजे पेठापेठांचे फुटबॉल संघ, बाहेरचा खेळाडू आणतात तो कुठल्या जागेसाठी? बचावातल्या लेफ्ट बॅकसाठी पैसे मोजलेले मी तरी पाहिले नाहीत. हंगामाच्या तोंडावर पेठेत वर्गणी फिरते, तगडा फॉरवर्ड येतो, चषक मिळतो, गुलाल उधळतो. आणि त्याच तालमीचा सोळा वर्षांचा नऊ नंबर हंगामभर पाण्याच्या बाटल्या उचलतो.

परवा गांधी मैदानावर बारा वर्षांच्या पोरांचा सराव बघत बसलो होतो. तासाभरात एका चुणचुणीत पोराने गोलवर किती शॉट मारले ते मोजले : चार. चारही उजव्या पायाने, चारही लांबून. गोलकडे पाठ, पायात बॉल, मागे डिफेंडर चिकटलेला, अशा वेळी पहिल्या टचला अंग कसं वळवायचं हे त्याला कुणी दाखवलेलंच नाही. डाव्या पायावर बॉल आला की तो थबकतो, उजव्यावर घेतो, तोवर वाट बंद. बहारीनपुढे, सीरियापुढे आपलं नेमकं हेच होतं. ही सवय अठराव्या वर्षी मोडत नाही. पोरगं बारा-तेराचं असतानाच जाणत्या कोचला दाखवा. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणाऱ्या पालकांशी बोलायचं मी बंद केलंय.

प्रश्न : १९५० च्या वर्ल्ड कपला अनवाणी खेळू दिलं नाही म्हणून आपण गेलो नाही ना? (कसबा बावडा)

प्रश्न एशियन कपचा नाही. तरी सांगतो : ही नंतर चिकटलेली गोष्ट. आपल्या फुटबॉल फेडरेशननेच संघ पाठवला नाही. १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये आपले कित्येक जण अनवाणीच खेळले होते.

प्रश्न : २०२७ च्या एशियन कपसाठी सौदीला ‘भारताच्या सामन्यांसह’ टूर मिळतेय. आगाऊ रक्कम भरू का? (ताराबाई पार्क)

भारताचे सामने? आपण पात्रच ठरलेलो नाही. तुमच्या एजंटला हे ठाऊक नसेल तर तो अडाणी, ठाऊक असेल तर लबाड. भरले असतील तर पावती घेऊन आजच वकिलाला भेटा.

प्रश्न : मुलगा चौदा वर्षांचा. एक अकादमी ४० हजार मागते, म्हणे थेट इंडिया कॅम्पची ट्रायल. (उचगाव)

देऊ नका. इंडिया कॅम्प विकत मिळत नाही. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ चा सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप खेळला तो क्रीडा प्रबोधिनीत घाम गाळून. अकादमीची फेडरेशनकडे नोंदणी आहे का, कोचकडे कुठलं लायसन्स आहे, हे केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, कार्यालयात जाऊन विचारा. फोनवर नको, समक्ष जा.

मुलगा कुठल्या जागी खेळतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. नऊ नंबर असेल तर रविवारी सकाळी सातला गांधी मैदानावर घेऊन या. डाव्या पायाचं काय ते बघू.