चार पोळ्या झाल्या की आडवी होते!

«प्रिय ताई, माझी सून २९ वर्षांची, शाळेत शिकवते. गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नान करून आली आणि म्हणाली, उजव्या डोळ्याला धुरकट दिसतंय. तासाभरात ठीक झालं. पुढे पाय बधिर झाले, एमआरआय काढला, डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस सांगितलं. आता इंजेक्शनं चालू आहेत. सकाळी हसत-बोलत शाळेत जाऊन येते, पण दुपारी ओट्याशी उभी राहिली की चार पोळ्यांत लाटणं ठेवते आणि आडवी होते. अर्ध्या तासानं पुन्हा ठणठणीत! रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला सगळ्यांच्या पुढे. शेजारणी म्हणतात, नाटकं आहेत. कॉलेजात असताना तिचा एक डोळा महिनाभर अधू झाला होता म्हणे. माहेरच्यांनी हे लपवलं का? मूल झालं तर त्यालाही होईल? — एक सासू, लोकमान्य नगर, इंदूर»

वहिनी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना रागच आला, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, बाईची नजर मोठी बारीक आहे. न्यूरॉलॉजिस्टला हवी असते तशी नोंद तुम्ही केलीत, फक्त निकाल उलटा लावलात.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवर उठते आणि त्यांच्यावरचं मायलिनचं आवरण खरवडून काढते. अशा उघड्या नसेतून निरोप कसाबसा पोचतो, आणि अंग जरा तापलं की तोही अडतो. अर्धा अंश वाढला तरी पुरतो. नजर धूसर होते, पाय जड होतात. अंग निवलं की पूर्ववत. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्यानं १८९० मध्ये हे टिपलं, म्हणून आजही याला त्याचं नाव आहे. एमआरआय नव्हता त्या काळात डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत. तुमच्याकडे ही परीक्षा दिवाळीच्या पहाटे कढत पाण्याच्या बादलीनं झाली!

आता दुपारच्या पोळ्या. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, त्यात गॅसची धग, तवा तापलेला, ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद. तिथे ती चार पोळ्या लाटते हेच नवल. रात्री सराफ्यात हवा उतरलेली असते, म्हणून पाय चालतात. शिवाय या आजाराचा थकवा आपल्या दमण्यासारखा नसतो. रात्रभर झोपूनही दुपारी अंगातलं बळ कुणी ओढून नेल्यासारखं होतं, आणि बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही.

‘लपवलं’ हा शब्द मात्र परत घ्या. डोळ्याची नस सुजणं ही पुष्कळांची पहिली खूण असते. ती बहुधा काही आठवड्यांत उतरते आणि अनेकांना पुढे हा आजार होतही नाही. त्या वेळी तिच्या वडिलांना काय कळणार होतं?

मुलाचं म्हणाल, तर आईला हा आजार असला तरी मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णवांना नाही. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, आजाराचे झटके, म्हणजे लक्षणं नव्यानं उफाळणं, कमी येतात. बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने जपायचे. मूल हवं असेल तर औषधांचं आधी डॉक्टरांशी ठरवायचं, इतकंच. आणि बरं वाटतंय म्हणून इंजेक्शन थांबवा असं कुणी म्हणालं, तर त्या माणसाला चहा देऊन वाटेला लावा. ती इंजेक्शनं पुढचा झटका टाळण्यासाठी आहेत.

नोकरी सोडायला लावू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार नावानिशी आहे; पुढेमागे गरज पडलीच तर प्रमाणपत्राची वाट मोकळी आहे. दिवसभर निजवूनही ठेवू नका, सकाळचं चालणं चांगलंच. मानेवर ओला पंचा, ओट्याशी उंच स्टूल, अंघोळीला कोमट पाणी. बाहेर गेल्यावर ती आधी बाथरूम कुठे आहे ते विचारत असेल तर हसू नका, तेही याच आजारातलं. एखादा नवा त्रास निवल्यावरही चोवीस तास टिकला, किंवा ताप आला, तर डॉक्टरांना फोन करा.

एक विचारू? अख्ख्या पत्रात तुमच्या मुलाचा उल्लेख कुठेच नाही. दुपारी तो कामावर असेल. पण रात्रीच्या पोळ्या त्याला लाटायला शिकवा. पहिला महिना भारताचे नकाशे निघतील, चालायचंच.