वाचकांचे प्रश्न: जळालेला शनिवारवाडा पुन्हा उभा करायचा का?

गेल्या अंकात जुन्या वाड्यांवर लिहिताना शनिवारवाड्याबद्दल मी एकच ओळ टाकली होती, की जे जळलं ते जळलं, आता त्या जागी नवीन बांधायला जाऊ नका. त्या ओळीवरून एवढी पत्रं आलीत की बाकी लेख कुणी वाचला की नाही अशी शंका यायला लागली. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यातल्या त्यात जे प्रश्न सारखे सारखे आलेत ते घेतलेत.

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो होतो. दिल्ली दरवाजा बघून तो खूश झाला, आत शिरल्यावर पाच मिनिटांनी विचारतो, "बाबा, वाडा कुठाय?" मला काय सांगावं कळेना. आत नुसतं गवत आणि दगडी चौथरे. मग तसाच्या तसा वाडा बांधून आत पेशवाईचं म्युझियम का नको?

तुमच्या मुलाचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे आणि माझ्याकडे त्यावर पटकन देण्यासारखं उत्तर नाहीये, हे आधीच कबूल करतो. आत गेलेल्या माणसाला कळेल असं तिथं फार काही मांडलेलं नाही, त्यामुळे लोक जोत्यांवर बसून डबा खातात, फोटो काढतात, आणि नारायणरावांच्या भुताची गोष्ट ऐकून बाहेर पडतात.

पण तुमच्या पत्रातला "तसाच्या तसा" हा शब्द आहे ना, सगळं घोडं तिथंच अडतं. तसा म्हणजे कसा? पायाभरणी झाली १० जानेवारी १७३० ला, शनिवार होता म्हणून शनिवारवाडा. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, खर्च १६,११० रुपये. जुन्नरच्या जंगलातला साग, चिंचवडच्या खाणीतला दगड, जेजुरीकडचा चुना, इथपर्यंत आपल्याला ठाऊक आहे. पण पहिल्या बाजीरावांनी जो वाडा बांधला तो काही पुढची शंभर वर्षं तसाच उभा नव्हता. तट आणि बुरूज नानासाहेबांच्या काळातले, मग प्रत्येक पेशव्यानं आपापल्या हौसेनं आणि गरजेनं चौक वाढवले, दिवाणखाने काढले, सवाई माधवराव लहान असताना त्यांच्यासाठी सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं केलं. मग बांधायचा तो कुणाचा वाडा? थोरल्या बाजीरावांचा बांधला तर कारंजं गाळावं लागेल, आणि कारंजं ठेवलं तर तो थोरल्या बाजीरावांचा वाडा राहत नाही. दोन्ही एकत्र दाखवला तर असा वाडा होईल जो कुठल्याच एका दिवशी अस्तित्वात नव्हता.

आता पुरावा काय आहे ते बघू. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली, सात दिवस धुमसत होती म्हणतात, आणि लाकडाचं जेवढं होतं ते बहुतेक सगळं गेलं. राहिला तट, दरवाजे, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना आणि खालची जोती, ती पण १९१९ साली संरक्षित स्मारक झाल्यावर ढिगारा उपसला तेव्हा नीट वर आली. जोत्यावरून कुठं चौक होता, कुठं सोपा, हे बऱ्यापैकी काढता येतं. उंचीचं मात्र जोतं काहीच सांगत नाही. सात मजले होते, सगळ्यात वरच्या मेघडंबरीतून आळंदीचा कळस दिसायचा, हे आपण लहानपणापासून ऐकतोय, पण कुठला मजला केवढा, वरच्या मजल्याचा जिना कुठून, छपराचा उतार किती, याचे मोजून काढलेले नकाशे कुठायत?

दरबाराचं एक चित्र आहे. वाड्यातल्या गणेश महालात सवाई माधवराव आणि इंग्रजांचा वकील मॅलेट यांच्यात तह होतोय, वर्ष १७९०. चित्रकार जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलनं ते लंडनमध्ये रंगवलं १८०५ मध्ये, म्हणजे दरबार उठून पंधरा वर्षं झाली होती. सुंदरच आहे ते, सुरूदार खांब, महिरपी, माणसांची दाटी. पण ते एका दिवाणखान्याचं चित्र आहे आणि तेही प्रसंग भव्य दिसावा म्हणून काढलेलं, त्यावरून खांबाची जाडी मोजायला गेलो तर चित्रकार वर बसून हसेल.

पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत, त्यात लाकूड, चुना, कारागिरांची मजुरी यांचे हिशेब सापडू शकतात आणि कुणीतरी हे काम नेटानं करायलाच हवं. फक्त हिशेबातून सागाचे किती नग आले ते कळतं, ते नग कुठं बसवले ते नाही कळत. उरलेलं सगळं कल्पनेनं भरायचं. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, ज्यावर जगभरचे जतनवाले चालतात, त्यात साफ म्हटलंय की जिथं अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धाराचा हात थांबला पाहिजे. इथं तर जोत्याच्या वर पहिल्या हातापासून अंदाजच आहे.

प्रश्न: बर्लिनमध्ये पाडलेला राजवाडा पुन्हा बांधून म्युझियम केलंच ना? वॉर्सात पण केलं. त्यांना जमतं आणि आपल्याला नाही, हे असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त आला.

बर्लिनचा राजवाडा महायुद्धात १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळाला, पण भिंती उभ्या होत्या, आणि १९५० मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारनं तो सुरुंग लावून पाडला. म्हणजे तो पडेपर्यंत जगात कॅमेरा येऊन शंभरावर वर्षं झाली होती. आतून बाहेरून फोटो होते, मापं होती, वाचलेले शिल्पांचे तुकडे होते. कॅमेऱ्याची घोषणा झाली १८३९ ला आणि आपला वाडा जळाला १८२८ ला. अकरा वर्षांनी हुकलं आपलं. पोलंडमधल्या वॉर्साचं तर आणखी वेगळं, तिथला किल्ला जर्मनांनी १९४४ मध्ये ठरवून उडवला, ज्यांनी तो उभा बघितला होता तीच माणसं जिवंत होती, वाचवून ठेवलेले भाग होते, आणि १९७१ ते १९८४ मध्ये त्यांनी तो उभा केला.

आणि बर्लिनला सगळे टाळ्या वाजवतायत असं पण समजू नका. वाड्याच्या जागी पूर्व जर्मनीनं १९७६ मध्ये आपलं संसद-कम-सांस्कृतिक केंद्र बांधलं होतं, तिथं लोकांनी लग्नाचे वाढदिवस केलेले, मैफली ऐकलेल्या, ते पाडलं आणि मग जुना राजवाडा आणला. एक इतिहास परत आणायला दुसरा पुसला, हा राग अजून आहे. २००२ ला संसदेत ठराव झाला, २०१३ ला पायाभरणी, २०२० च्या डिसेंबरात करोनामुळे ऑनलाइन उद्घाटन, २०२१ मध्ये लोकांना आत सोडलं. ६८ कोटी युरोच्या आसपास खर्च. बाहेरून तीन बाजू बरोक, चौथी नदीकडची बाजू चक्क आजची, आणि आतला सांगाडा सिमेंट काँक्रीटचा. मग घुमटावर क्रॉस का बसवला यावर भांडण, आत आफ्रिकेतून लुटून आणलेल्या वस्तू का यावर त्याहून मोठं भांडण, बेनिनच्या (आजच्या नायजेरियातलं जुनं राज्य) कलावस्तूंची मालकी शेवटी २०२२ मध्ये नायजेरियाला दिली.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे. १९९३ मध्ये विल्हेल्म फॉन बोडीन नावाच्या, शेतीची यंत्रं विकणाऱ्या एका गृहस्थांनी त्या मोकळ्या जागेवर परांची बांधून राजवाड्याची दर्शनी बाजू कापडावर रंगवून टांगली, खऱ्या मापाची. बर्लिनकरांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं की हे केवढं होतं. त्यांना त्यातून बांधायला पाठिंबा मिळवायचा होता, तो मिळालाही, पण मला वाटतं आपल्याकडे कापडाशीच थांबता येईल. महिनाभर लावा, लोकांना उंची कळू दे, इतिहासवाल्यांना मजल्यांवरून भांडू दे, मग उतरवून घडी घालून ठेवा. चूक निघाली तर कापड बदलता येतं. काँक्रीट ओतल्यावर काय बदलणार?

प्रश्न: मग लाल महाल कसा चालतो? तो पण नवीनच आहे की.

चालतो कुठं, तेच तर माझं दुखणं आहे. आत्ताचा लाल महाल महापालिकेनं १९८४ ते १९८८ मध्ये मूळ जागेच्या एका भागावर बांधला. शहाजीराजांचा लाल महाल कसा होता याची फारशी माहिती हाताशी नव्हती, त्यामुळे तो मूळच्यासारखा बांधलेलाच नाही, स्मारक म्हणून बांधलाय. त्याबद्दल तक्रार नाही. पण मी तिथं उभा असताना एक बाप मुलीला खिडकी दाखवत होता, "इथूनच पळाला बघ शाहिस्तेखान, बोटं इथंच तुटली," आणि ती बिचारी त्या खिडकीच्या चौकटीवर वाराची खूण शोधत होती. ती चौकट चाळीस वर्षांची सुद्धा नव्हती. मला मध्ये बोलावंसं वाटलं, नाही बोललो, तिचा चेहरा बघून धीरच झाला नाही. शनिवारवाड्यात हे शंभरपट होईल, कारण तिथं खालचं जोतं खरं असेल आणि वरचं सगळं आपल्या मनचं, आणि दोघांतली रेघ वीस वर्षांत कुणाला दिसणार नाही.

प्रश्न: आम्ही वाड्याच्या अगदी जवळ राहतो. आमचा स्वतःचा पडका वाडा पाडून बांधायला परवानगी नाही आणि सरकार आत महाल बांधणार?

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं, माफ करा. प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० ला बदल झाल्यापासून केंद्राच्या संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीनं. असलेल्या घराच्या डागडुजीला मुभा आहे, त्यालाही कागदपत्रं लागतात. गळक्या कौलाखाली राहणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं आणि आत सात मजले चढवायचे, हे कायद्यात कसं बसवणार ते मला तरी दिसत नाही. म्युझियम शेजारी बांधू म्हणणाऱ्यांना पण हाच १०० मीटरचा नियम आडवा येतो. म्हणजे म्युझियम करायचंच तर उभ्या असलेल्या इमारतीत करावं लागेल.

प्रश्न: पण म्युझियम तर हवं ना? आणि लाकूडकाम करणाऱ्या सुतारांना काम मिळेल, हा फायदा तुम्ही का मोजत नाही?

मोजतो की. महिरप कोरणारा, छताची तक्तपोशी जोडणारा सुतार आज शोधायला गेलं तर दमछाक होते, आणि काम मिळालं नाही तर पुढच्या पिढीत सापडणारच नाही. पण त्याला कल्पनेतला महाल कशाला द्यायचा, खरे वाडे कुजतायत की. विश्रामबागवाडा बघा, दुसऱ्या बाजीरावांचा, १८०७ च्या सुमाराचा, १८७९ च्या आगीत थोडा जळाला, लोकांनी वर्गणी काढून पुन्हा उभा केला, दर्शनी सागवानी काम बघत राहावं असं आहे. तिथं जळालेला भाग बांधला तेव्हा बाकीचा वाडा समोर उभा होता ना, बघून करता आलं. मला चालतो तो जीर्णोद्धार असा. आणि पेठांमधले किती तरी वाडे असे आहेत की एका पावसाळ्यात तुळई जाते, पुढच्या पावसाळ्यात भिंत.

म्युझियमचं म्हणाल तर आत ठेवणार काय हे आधी ठरवा. केळकर संग्रहालयाकडे वीसेक हजार वस्तू आहेत आणि मांडलेल्या असतील अडीच हजाराच्या आसपास, बाकीच्या जागेअभावी आत. भारत इतिहास संशोधक मंडळाकडे कागद, चित्रं, नाणी आहेत. वस्तू आहेत, जागा नाही, आणि आपण निघालोय वस्तू नसलेली जागा बांधायला! केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे मूळ भाग आणून आपल्याकडे जोडून ठेवलेत, ते बघितलंय का? एवढीशी खोली आहे, पण लाकूड खरं आहे. अगदीच हौस असेल तर शहराबाहेर कुठं तरी दिवाणखान्याचे दोन-तीन खण खऱ्या मापानं बांधा, वर पाटी लावा की हा अंदाज आहे, सुतारांना शिकायला शाळा पण तीच.

प्रश्न: भूत खरंच आहे का?

नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा, तो खरा आहे. तेवढं पुरे.

प्रश्न: ठीक आहे, नका बांधू. पण मग पुढच्या वेळी मुलाला तिथं नेऊन दाखवू काय?

हे त्याच पहिल्या वाचकांचं दुसरं पत्र, माझं उत्तर छापायच्या आधीच आलं, फोनवर जरा बोलणं झालं होतं. आत गेल्या गेल्या जोत्यांकडे नका जाऊ. आधी दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवरचे खिळे दाखवा, हत्तीचं डोकं कुठं आलं असतं ते त्याला हात वर करून मोजू दे. मग वर नगारखान्यात चढा, तिथले लाकडी खांब आणि महिरपी त्याला जवळून बघू दे आणि सांगा की आतला सगळा वाडा अशाच लाकडाचा होता, म्हणून तर जळाला. मग तिथूनच आतल्या बाजूला खाली बघा. वरून चौक, सोपे, हौद सगळं कागदावर काढल्यासारखं दिसतं. त्याला एक वही द्या आणि म्हणा, यातली देवघराची खोली कुठली असेल ओळख. चुकला तरी चालेल, आपण सगळे तेच करतोय. शक्यतो सकाळी लवकर जा, ऊन तिरकं असतं तेव्हा जोत्यांच्या कडा नीट उठून दिसतात, दुपारी सगळं सपाट होतं.