फाशी द्यावी का?

प्रश्न : ताई, आमच्या सदाशिव पेठेत अजून जोशी-अभ्यंकर खुनांचा विषय निघाला की आजी दाराची कडी बघून येते. दहा माणसं मारली, मग चौघांना येरवड्यात फाशी दिली ते बरोबरच ना? मुलगी म्हणते कोणालाच फाशी नको. घरात रोज वाद.

उत्तर : आजींची भीती मला कळते हो, १९७६-७७ मधे पुणं संध्याकाळी चिडीचूप व्हायचं, आणि १९८३ ला फाशी झाली तेव्हा लोकांना सुटल्यासारखं वाटलं त्यात चूक काहीच नाही. पण मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. सुप्रीम कोर्टाने १९८० मधेच सांगितलंय की फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमधे. आता ते दुर्मिळ ठरवणार कोण, तर माणसंच, आणि माणसं चुकतात.

आपल्याच महाराष्ट्रातली केस बघा, भटक्या जमातीतल्या सहा जणांची फाशी २००९ मधे सुप्रीम कोर्टाने कायम केली आणि २०१९ मधे त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख भरपाई द्या म्हणून सांगितलं. मधली दहा वर्षं दोर डोक्यावर. मधे कधी फाशी झाली असती तर ते पाच लाख कोणाच्या हातात ठेवले असते?

गुन्हेगाराला मरेपर्यंत आत ठेवा, पॅरोल देऊ नका, त्याला माझी ना नाही. आजींना हेच सांगून बघा, बहुतेक त्यांना तो परत सुटायला नको एवढंच हवंय.